‘रोइझ’ हा कोण बुवा?

“आजी, तुझे वडील रॉड्रिग्ज नव्हतेच!” रविवारी वसईला गेल्यावर मी बोलून बसलो. ती गप्पच झाली. चर्चच्या जुन्या पोर्तुगीज बाप्तिस्मा-वहीत आडनाव चक्क ‘रोइझ’! वर तारीख ‘१२ ७ब्रो’. सातवा महिना जुलै, आणि जन्म तर ऑगस्टचा?

इथली पोर्तुगीज सत्ता १५३४ ते १७३९. भाषा चर्चच्या वह्यांत मात्र रेंगाळली. लिहिणारे नावं छाटायचे: ‘फ्र्झ’ म्हणजे फर्नांडिस, ‘रोइझ’ म्हणजे रॉड्रिग्जच! ‘७ब्रो’ म्हणजे सप्टेंबर. लॅटिनमध्ये ‘सेप्टेम’ म्हणजे सात. जुनं रोमन वर्ष मार्चपासून सुरू व्हायचं ना!

लगेच आजीला फोन लावला.

“मग? मी काय वेगळं सांगत होते?” आता तिला आईचंही पान हवंय.