उरलेल्या किरणोत्साराचा हिशेब

किरणोत्सारी दूषण काढून टाकल्यावरही जमिनीत त्याचा काही अंश उरतोच, आणि तेवढ्या अंशासह माणसांनी तेथे पुन्हा राहावे की नाही हे ठरवणारी मर्यादा आखताना, ती माणसे दिवस कसा घालवतात याविषयीचे एक गृहीतक त्या आकड्यात दडलेले असते. हा प्रश्न केवळ अणुभट्ट्यांच्या परिसरापुरता नाही. २०१० साली दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात एका जुन्या उपकरणातील कोबाल्ट-६० उघडा पडून एका कामगाराचा जीव गेला होता.

मात्रा मोजण्याचे एकक मिलिसिव्हर्ट; शरीराला मिळालेला किरणोत्सार त्याच्या संभाव्य अपायाच्या तुलनेत ते दाखवते. निसर्गातूनच माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात, आणि भारताच्या अणुऊर्जा नियामक मंडळाने सर्वसामान्य नागरिकासाठी त्याव्यतिरिक्त १ मिलिसिव्हर्टची वार्षिक मर्यादा घातली आहे. अपघातानंतरच्या दूषित प्रदेशासाठी मात्र आंतरराष्ट्रीय किरणोत्सार संरक्षण आयोग १ ते २० मिलिसिव्हर्ट हा पट्टा सुचवतो. २०११ च्या फुकुशिमा अपघातानंतर जपानने परतीची परवानगी देताना २० चा आकडा धरला आणि १ हे दीर्घकालीन उद्दिष्ट ठेवले.

हे उद्दिष्ट प्रत्यक्ष जमिनीवर मोजण्यासाठी तेथे ताशी ०.२३ मायक्रोसिव्हर्ट हा आकडा काढला गेला (मायक्रोसिव्हर्ट म्हणजे मिलिसिव्हर्टचा हजारावा भाग). त्यातील ०.०४ नैसर्गिक, उरलेले ०.१९ अपघाताचे, आणि माणूस रोज ८ तास बाहेर व १६ तास घरात असतो, लाकडी घरात मात्रा ४० टक्क्यांवर येते, असे धरले की वर्षाचा हिशेब जवळपास १ मिलिसिव्हर्टवर येतो. मात्र १२ तास शेतात राबणाऱ्यासाठी तो सुमारे १.१७ होतो, आणि आडोसा अजिबात नसेल तर १.६६ पर्यंत जातो. म्हणजे नाशिकच्या अंबडसारख्या औद्योगिक वसाहतीत, जेथे पत्र्याच्या शेडमध्ये पाळी भरून कामगार पत्र्याच्याच खोलीत निजायला जातो आणि ज्या पत्र्याचा गॅमा किरणांना जवळपास काहीच अटकाव होत नाही, तेथे जपानचा आकडा जसाच्या तसा उचलणे हे त्या कामगारावर अन्यायाचे ठरेल. अशा जागी मोजणीयंत्र रस्त्याच्या मधोमध नव्हे, तर खोलीच्या जमिनीवर, मुले खेळतात तेथे आणि पावसाचे पाणी साचणाऱ्या गटाराच्या कडेला धरावे लागेल, आणि मर्यादेचा आकडा ठरण्याआधी तेथील रहिवाशांना त्यांच्या दिवसाचे तास विचारावे लागतील.