शाळेसाठी गाव सोडलेला मुलगा

वऱ्हाडात चांदूर दोन आहेत. एक बाजाराचे, दुसरे रेल्वेचे. मुंबई-नागपूर लोहमार्गावरच्या चांदूर रेल्वेची एक आठवण प्रत्येक आईवडिलांनी जपावी अशी आहे. पापळ या खेड्यातला एक शेतकऱ्याचा मुलगा पुढच्या शिक्षणासाठी इथे आला होता. तो मुलगा म्हणजे डॉ. पंजाबराव देशमुख.

27 डिसेंबर 1898 चा त्यांचा जन्म. घर शेतीवर चालणारे. तरीही वडील शामराव यांनी जमीन गहाण ठेवून मुलाला विलायतेला पाठवले. ऑक्सफर्डची डॉक्टरेट आणि बॅरिस्टरी मिळवून पंजाबराव 1926 साली परतले. वकिलीत पैसा होता. पण त्यांनी दुसरीच वाट धरली. 1927 साली अमरावतीच्या अंबादेवी मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून ते सत्याग्रहात उतरले. खेड्यांतल्या मुलांसाठी श्रद्धानंद छात्रालय काढले. तिथे सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत.

1930 साली ते मध्यप्रांत-वऱ्हाडचे मंत्री झाले. शिक्षण आणि शेती ही खाती त्यांच्याकडे होती. शेतकरी आणि सावकार यांच्यात तडजोड घडवणारा कर्ज लवाद कायदा 1933 सालचा. त्यामागे पंजाबरावांचे परिश्रम होते. गहाण जमीन म्हणजे काय, हे त्यांना कुणी सांगावे लागले नव्हते. मंत्रिपद असतानाच त्यांनी श्री शिवाजी शिक्षण संस्था उभारली. पुढे ते घटना समितीत बसले आणि 1952 ते 1962 देशाच्या कृषी खात्याची जबाबदारी सांभाळली. 10 एप्रिल 1965 रोजी ते गेले. अकोल्याचे कृषी विद्यापीठ आज त्यांचेच नाव सांगते.

पदे येतात, जातात. शाळा मात्र पिढ्यान्‌पिढ्या चालते.

आमच्या घरांत आजही ऐकू येते, "हायस्कूल दुसऱ्या गावाला आहे, पोरीला एकटी कशी पाठवायची?" किंवा, "पोरगा दहावी झाला, आता गॅरेजवर लागू दे." काळजी खरी असते, तंगीही खरी असते. पण वसतिगृह आहे का, शिष्यवृत्ती मिळते का, मोहल्ल्यातल्या चार मुली मिळून एका रिक्षाने जातील का, एवढी चौकशी न करता तालीम थांबवू नये. चांदूरला शिकायला आलेला तो मुलगा पापळलाच थांबला असता, तर वऱ्हाडातल्या किती घरांत पहिले पुस्तक उशिरा पोहोचले असते!