बारामतीच्या वाटेवरचे कंपू

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

बारामती म्हटले की मोरोपंत आठवतात, बाबूजी नाईकांचा वाडा आठवतो. मोरोपंत गेले १७९४ साली. त्यानंतर आठच वर्षांनी, ऑक्टोबर १८०२ मध्ये, याच बारामतीजवळ मराठ्यांच्या दोन फौजा एकमेकींवर तुटून पडल्या. होळकरांचे सरदार फत्तेसिंह माने यांनी पेशव्यांच्या फौजेचा पराभव केला. शाळेच्या पुस्तकात ही लढाई सहसा सापडत नाही. पण पुढे जे घडले त्याची ती नांदी होती.

आज ‘कंपू’ हा शब्द आपण मित्रांच्या टोळक्याला वापरतो. त्या काळी कंपू म्हणजे कवायती पायदळाचे दल. एका कंपूत अनेक पलटणी, प्रत्येक पलटणीत शेकडो बंदूकवाले आणि सोबत तोफा. मराठ्यांची खरी ताकद घोडदळाची. पण रांग न मोडता गोळीबार करणाऱ्या पायदळाची किंमत पानिपतावर इब्राहिमखान गारद्याने दाखवून दिली होती. महादजी शिंदे यांनी डी बॉईन या अधिकाऱ्याकडून असे कंपू उभारून घेतले. शिपाई बहुतेक उत्तर हिंदुस्थानातले, वरचे अधिकारी युरोपीय. त्यांची निष्ठा सरदारापेक्षा पगाराशी अधिक जोडलेली होती आणि पगार थकला की धरणे धरले जाई.

परक्याशी लढण्यासाठी उभारलेली ही शिस्त लवकरच घरच्या भांडणात खर्ची पडू लागली. १७९७ मध्ये तुकोजी होळकर वारले. वारसाच्या वादात दौलतराव शिंदे पडले आणि पुण्याजवळ भांबुर्ड्याला तुकोजींचे पुत्र मल्हारराव मारले गेले. १८०१ मध्ये दुसरे पुत्र विठोजी यांना दुसऱ्या बाजीरावाने पुण्यात हत्तीच्या पायी दिले. त्यांचे भाऊ यशवंतराव यांनी पलटणी जमवून शिंद्यांशी झुंज मांडली होतीच. उज्जैनला ते जिंकले, पण त्याच वर्षी इंदूरला शिंद्यांच्या कंपूंनी त्यांना हरवले. त्या कंपूंचा सेनानी होता सदरलँड, एक स्कॉटिश अधिकारी. एका मराठी सरदाराला दुसऱ्या मराठी सरदाराविरुद्ध त्याने विजय मिळवून दिला!

यशवंतरावांनी पलटणी पुन्हा बांधल्या आणि दक्षिणेची वाट धरली. बारामतीनंतर ते आणि माने एकत्र आले. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी, ऐन दिवाळीत, पुण्याच्या वेशीवर हडपसरला निर्णायक लढाई झाली. शिंद्यांच्या बाजूने कॅप्टन डॉजच्या पलटणी, होळकरांच्या बाजूने व्हिकर्स, हार्डिंग आणि आर्मस्ट्राँग यांच्या. दोन्हीकडे कवायत एकाच धर्तीची. डॉजच्या शिपायांनी शेवटपर्यंत रांग सोडली नाही. अखेर यशवंतरावांनी स्वतः घोडदळ घेऊन केलेल्या हल्ल्याने निकाल लावला. डॉज पडला, जिंकणाऱ्या बाजूचा हार्डिंगही पडला.

बाजीराव पुण्यातून पळाला आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी त्याने वसईला इंग्रजांशी तह केला. पेशव्याच्या संरक्षणासाठी आता इंग्रजांच्या पलटणी आल्या. पुढल्या वर्षी शिंद्यांचे इंग्रजांशी युद्ध जुंपले, तेव्हा त्यांचे अनेक युरोपीय अधिकारी नोकरी सोडून गेले. असईला आणि लासवारीला शिपाई मात्र जिवावर उदार होऊन लढले. होळकरांकडचा व्हिकर्स इंग्रजांविरुद्ध लढायला तयार होईना, म्हणून १८०४ मध्ये त्याला मृत्युदंड मिळाला.

या सगळ्याचा हिशेब अखेर कुणी चुकता केला? नीरा, कऱ्हा आणि भीमेच्या काठच्या गावांनी. पलटणीच्या पोटाला धान्य लागे, बैलांना वैरण लागे आणि घोडदळ जिथून जाई तिथली उभी पिके जात. त्यातच १८०३-०४ चा दुष्काळ आला. पुणे प्रांतातली कित्येक गावे ओस पडली. कुणब्याच्या दृष्टीने होळकरांचा कंपू आणि शिंद्यांचा कंपू यांत काय फरक असणार?

सैन्य कितीही शिस्तीचे असो, राज्यातली फूट त्याला बुजवता येत नाही. उलट फूट असेल तर ती शिस्तच घर अधिक वेगाने पाडते. बारामती–इंदापूरच्या रस्त्याने जाताना, दुतर्फा ऊस डोलत असताना, याच शिवारांतून गेलेल्या त्या पलटणींची आठवण ठेवायला हवी.