झेलमच्या काठी पोरस हरलाच होता

‘पोरसने अलेक्झांडरला धूळ चारली होती, पण इंग्रजांनी लिहिलेल्या इतिहासाने ते आपल्यापासून लपवलं.’ हा दावा व्हॉट्सॲपवर फिरतो, व्याख्यानांत टाळ्या घेतो आणि एखाद्याने शंका काढलीच, तर त्याच्या देशप्रेमाची चौकशी सुरू होते. दावा चुकीचा आहे. तो इतक्या वेळा कानांवर पडतो की एकदा सविस्तर उत्तर द्यायलाच हवं.

आधी घडलं काय ते पाहू. इ.स.पू. ३२६. तक्षशिलेचा राजा आंभी आधीच अलेक्झांडरला मिळालेला. झेलम आणि चिनाब या नद्यांमधल्या प्रदेशाचा राजा पोरस मात्र हत्ती घेऊन झेलमच्या पूर्व काठावर उभा राहिला. अलेक्झांडर कित्येक रात्री घोडदळ काठाने इकडून तिकडे पळवून नुसती हूल देत राहिला. मग एका वादळी रात्री क्रेटेरस या सेनापतीला छावणीत ठेवून त्याने बरंच वर जाऊन नदी ओलांडली. त्याला अडवायला पोरसने मुलाला पाठवलं. तो मारला गेला. पावसाने झालेल्या चिखलात रथ रुतले. ग्रीक घोडदळाने पोरसच्या घोडेस्वारांना दोन बाजूंनी कोंडलं आणि जखमी होऊन बिथरलेले हत्ती आपल्याच माणसांना तुडवू लागले. पोरस शेवटपर्यंत हत्तीवरून लढला, जखमी झाला आणि पकडला गेला.

‘पण हे सगळं ग्रीकांनीच लिहिलेलं ना?’ प्रश्न रास्त आहे. डायोडोरस, कर्टियस, प्लुटार्क, एरियन, जस्टिन यांनी या लढाईनंतर तीन-चार शतकांनी किंवा त्याहूनही उशिरा लिहिलं. पण एरियनचे मुख्य आधार टॉलेमी आणि ॲरिस्टोब्युलस हे दोघेही अलेक्झांडरच्या मोहिमेत होते. तपशिलांवर या लेखकांचं एकमत नाही. एरियनच्या मते पोरसकडे २०० हत्ती होते, डायोडोरस १३० सांगतो. एरियन अलेक्झांडरचे तीनशेच्या आसपास लोक मेले म्हणतो, डायोडोरसचा आकडा हजाराच्या घरात जातो. मृतांच्या आकड्यांवर संशय घ्या, जरूर घ्या. पण निकालाबद्दल या पाचांपैकी एकाचंही दुमत नाही. शिवाय हेच लेखक अलेक्झांडरने दारूच्या नशेत क्लायटस या मित्राला भाल्याने मारल्याचं लिहितात, सैन्याने पुढे जायला नकार दिल्याचं लिहितात, मकरानच्या वाळवंटात झालेली वाताहतही लिहितात. एवढं सगळं उघड करणाऱ्यांनी एक पराभव तेवढा लपवला, हे मानायचं कशाच्या आधारावर?

भारतीय साधनांच्या आधारावर तर नक्कीच नाही. या लढाईचा उल्लेख करणारं समकालीन भारतीय साधन एकही नाही. मग पोरसच्या विजयाचे ‘पुरावे’ येतात कुठून? एक येतो जस्टिनकडून: अलेक्झांडरचा घोडा जखमी झाला आणि तो खाली कोसळला. बरोबर, जस्टिन तसं लिहितो. पण पुढे अंगरक्षकांनी त्याला वाचवलं आणि पोरस जखमी होऊन कैद झाला, हेही तोच लिहितो. अर्धा परिच्छेद उचलायचा आणि अर्धा गिळायचा, याला संशोधन म्हणत नाहीत. दुसरा ‘पुरावा’ एका इथिओपियन ग्रंथाचा. तो अलेक्झांडरच्या अद्भुत दंतकथांच्या परंपरेतला आहे. बोलणारी झाडं भेटतात ती याच परंपरेत, आणि अलेक्झांडर पोरसला द्वंद्वयुद्धात ठार मारतो तेही याच परंपरेत! तिसरा सोव्हिएत सेनापती झुकॉव्ह यांच्या नावावर खपवला जाणारा अभिप्राय. तो खरा धरला, तरी विसाव्या शतकातल्या सेनापतीचं मत इ.स.पू. ३२६ चा पुरावा होत नाही.

आता सगळ्यांचा लाडका तर्क: ‘जिंकलेला राजा राज्य परत देईल का? वर आणखी मुलूख देईल का?’ देईल, आणि अलेक्झांडरने ते पोरसच्या आधीही केलं होतं. इ.स.पू. ३३१ मध्ये गौगामेलाच्या लढाईत त्याच्याविरुद्ध पर्शियन सैन्याची उजवी फळी सांभाळणाऱ्या माझेयसला त्याने लगेच बॅबिलॉनचा सुभेदार केलं. घरापासून हजारो मैलांवर मुलूख ताब्यात ठेवायचा, तर तिथला वजनदार माणूसच हाताशी लागतो. आपल्याकडचंच उदाहरण हवं असेल तर प्रयागचा स्तंभलेख पाहा. समुद्रगुप्ताने दक्षिणेतल्या बारा राजांना पकडलं आणि मोठेपणाने सोडून दिलं, असं त्यात कोरलं आहे. म्हणून ‘समुद्रगुप्त हरला’ असं कोणी म्हणतं का?

लढाईनंतरच्या हालचाली तर आणखी बोलक्या आहेत. अलेक्झांडर माघारी वळला नाही. तो चिनाब आणि रावी ओलांडून पूर्वेकडेच गेला. सांगल या शहराला त्याने वेढा घातला, तेव्हा पोरस हत्ती आणि ५,००० सैनिक घेऊन त्याच्या मदतीला आला. पुढे बियास नदीवर अलेक्झांडरच्या सैन्याने हात टेकले. आठ वर्षांची वणवण, सततचा पाऊस, आणि पलीकडे मगधाच्या नंदांचं प्रचंड सैन्य असल्याच्या बातम्या. परतल्यावर त्याचं आरमार बांधलं गेलं तेही झेलमवरच. हरलेल्या माणसाला जेत्याच्या दारात बसून जहाजं बांधू देतात का?

या लढाईची आठवण म्हणून पाडलेली मानली जाणारी चांदीची नाणी ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. त्यांच्या एका बाजूला हत्तीवर चालून जाणारा घोडेस्वार आहे, आणि दुसऱ्या बाजूला अलेक्झांडर, विजयदेवता त्याला मुकुट घालते आहे.

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

‘अलेक्झांडरने भारत जिंकला.’ नाही. पंजाब आणि सिंधचा काही भाग, तोही काही वर्षांपुरताच. पुढे तो भाग चंद्रगुप्त मौर्याकडे गेला, आणि इ.स.पू. ३०३ च्या सुमारास सेल्युकस या अलेक्झांडरच्या सेनापतीला चंद्रगुप्ताशी तह करून ५०० हत्तींवर समाधान मानावं लागलं.

‘पोरसने केलेल्या जखमेने तो मेला.’ त्याला छातीत जबर बाण लागला तो नंतर, मल्ल जमातीच्या शहरावरच्या हल्ल्यात. ऑलिव्हर स्टोनच्या २००४ च्या चित्रपटाने या दोन लढायांची खिचडी केली आहे. तो मेला इ.स.पू. ३२३ मध्ये बॅबिलॉनला, तापाने, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी.

‘अलेक्झांडरची पत्नी रोक्साना हिने पोरसला राखी बांधली.’ एकाही प्राचीन लेखकाकडे ही गोष्ट नाही.

‘रिकामे हात शवपेटीबाहेर ठेवा, असं त्याने सांगितलं.’ कीर्तनाला छान, पण प्राचीन इतिहासकारांपैकी कोणीही हे लिहिलेलं नाही.

‘जिंकायला जग उरलं नाही म्हणून तो रडला.’ प्लुटार्क नेमकं उलट सांगतो: जगं असंख्य आहेत आणि आपण अजून एकाचेही धनी झालो नाही, म्हणून.

पोरसचा मोठेपणा खोट्या विजयावर अवलंबून नाही. या लढाईने मॅसिडोनियन सैनिकांची उमेद खचली, हे ग्रीक प्लुटार्कच लिहितो. पकडल्यावर राजासारखं वागवा असं ठणकावणारा पोरस आपल्याला माहीत आहे, तोही ग्रीकांनीच लिहून ठेवला म्हणून. त्यांची तेवढी साक्ष आपण अभिमानाने सांगतो आणि निकालाची साक्ष खोटी ठरवतो. दोन्ही एकदम चालणार नाही. तेव्हा पुढचा असा संदेश आला की पाठवणाऱ्याला एवढंच विचारा: पोरस जिंकला होता, तर सांगलच्या वेढ्यात तो ५,००० सैनिक घेऊन कोणासाठी लढायला गेला होता?