हिरव्याचा झाला पिवळा!

अंगठीतला खडा खरा हिरा की काच? ओरखडासुद्धा न पाडता ओळखायचं, बरं का! त्यासाठी प्रयोगशाळेत खड्यावर हिरवा लेसर टाकतात. त्याचा रंग अगदी नेमका, तरंगलांबी ५३२ नॅनोमीटर.

खड्यावरून बहुतेक प्रकाश हिरवाच परत येतो. पण हिऱ्यातले कार्बनचे अणू एकमेकांना धरून थरथरत असतात. प्रकाशाच्या एखाद्या कणाकडून ते थोडी ऊर्जा काढून घेतात. ऊर्जा घटली की रंग बदलतो आणि तो कण बाहेर येतो चक्क पिवळा, ५७३ नॅनोमीटरचा! असे रंग बदललेले कण मात्र फार म्हणजे फारच थोडे. कोटभर कण विखुरले, तर त्यांत एखादाच.

आणि तरीही चंद्रशेखर वेंकट रामन आणि के. एस. कृष्णन यांनी हा प्रकार १९२८ साली कोलकात्यात शोधला. तेव्हा लेसर नव्हतेच! त्यांनी सूर्यप्रकाश रंगीत काचेतून गाळून द्रवांवर सोडला आणि बदललेला रंग डोळ्यांनी टिपला. केवढी ही चिकाटी! २८ फेब्रुवारीचा राष्ट्रीय विज्ञान दिन याच शोधाचा.

आता ते काम स्पेक्ट्रोग्राफ करतो. आधी एक फिल्टर लेसरचा हिरवा प्रकाश अडवतो. उरलेला मिणमिणता उजेड बारीक फटीतून आत शिरतो आणि आरशावरून ग्रेटिंगवर पडतो. ग्रेटिंगवर एका मिलिमीटरात शेकडो रेघा असतात. सीडी तिरकी धरली की रंग फाकतात ना, तसेच इथेही फाकतात. प्रत्येक रंग कॅमेऱ्यावर आपापल्या जागी उतरतो. हा कॅमेरा शून्याच्या खूप खाली थंड ठेवतात, नाहीतर त्याची स्वतःचीच उष्णता खोटे संकेत उमटवते.

मग पडद्यावर आलेख येतो. हिरा असेल, तर एक उंच, टोकदार शिखर. काच असेल, तर पसरट टेकाडं. पेन्सिलीतलं ग्रॅफाइटही कार्बनचंच, पण त्यातले अणू वेगळ्या रीतीने जोडलेले, म्हणून त्याचं शिखर दुसरीकडे.

मला सगळ्यांत नवल वाटतं ते याचं: हिरव्याऐवजी लाल लेसर घेतला, तरी हिरा ऊर्जेचा तेवढाच वाटा काढून घेतो! प्रत्येक पदार्थाचे वाटे ठरलेले. त्यामुळे औषधाची गोळी पारदर्शक वेष्टनातूनच तपासता येते. आणि मंगळावर २०२१ साली उतरलेली ‘पर्सिव्हरन्स’ गाडी काही मीटर दूर उभी राहून, लेसर टाकून तिथले दगड ओळखते.