दोन पोलादी सायकली

दोन सारख्या वस्तू शेजारी शेजारी ठेवल्या म्हणजे त्यांतील चांगली कोणती, हा प्रश्न सहज मनात येतो. परंतु त्याआधी दुसरा एक प्रश्न विचारावा लागतो : चांगली, पण कोणत्या कामाला? अमेरिकेतील सर्ली या कंपनीच्या दोन सायकलींची तुलना केली असता ही गोष्ट चांगली ध्यानात येते. या कंपनीने १९९९ साली ‘क्रॉस-चेक’ नावाची सायकल बाजारात आणली आणि २०१३ साली ‘स्ट्रॅगलर’ नावाची दुसरी. डांबरी सडकेवर वेगाने धावावे आणि प्रसंगी मातीची, खडकाळ वाटही तुडवावी, हाच दोहोंचा हेतू. दुरून पाहणाऱ्याला एकीला झाकावे आणि दुसरीला काढावे, असेच वाटेल.

हे साम्य केवळ वरवरचे नाही. दोन्ही सायकलींचे सांगाडे एकाच जातीच्या पोलादाचे आहेत. या पोलादात शेकडा सुमारे एक भाग क्रोमियम व त्याहूनही थोडे मॉलिब्डेनम मिसळलेले असते. या मिश्रणाने पोलादाचे बळ वाढते आणि नळ्या पातळ ठेवता येतात. नळ्यांवर सर्वांत अधिक ताण सांध्यापाशी येतो. म्हणून सांगाड्याच्या मुख्य नळ्या टोकांशी जाड व मधे पातळ घडवितात. पोलाद अ‍ॅल्युमिनियमपेक्षा जड खरे. परंतु धक्का बसला असता ते बहुधा मोडण्यापूर्वी वाकते आणि कुशल कारागिराला त्याची दुरुस्तीही करता येते. शर्यतीच्या सायकलीचे टायर अरुंद असतात. या दोन्ही सायकलींना मात्र सुमारे ४० मिलीमीटर रुंदीचे टायर बसतात. रुंद टायरमध्ये हवेचा दाब कमी ठेवता येतो, म्हणून वाटेतील खडे व खाचा तो पोटात घेतो आणि स्वाराला हादरे कमी बसतात.

मग भेद तो कोणता? ब्रेक चाकाला कोठे धरतो, हा दोहोंमधील मुख्य भेद होय. क्रॉस-चेकमध्ये रबराचे दोन ठोकळे चाकाच्या रिमला दोन्ही बाजूंनी आवळतात. भारतातील जुन्या काळ्या सायकलींचे दांड्यांचे ब्रेकही रिमवरच दाबले जातात. फक्त त्यांचे रबर रिमच्या आतल्या बाजूला टेकते. स्ट्रॅगलरमध्ये चाकाच्या मध्यभागी, आसाभोवती, धातूची एक पातळ चकती बसविलेली असते आणि ब्रेक त्या चकतीला पकडतो.

दरवाजा बिजागरीजवळ ढकलला तर जोर अधिक लागतो आणि कडेला ढकलला तर थोडा पुरतो. चाकाचेही तसेच आहे. टायर जेथे बसतो तेथे रिमचा व्यास ६२२ मिलीमीटर, तर चकतीचा साधारणतः १६० मिलीमीटर. म्हणजे चकती आसाच्या जवळजवळ चौपट निकट असते. तेवढाच थांबा साधण्यासाठी तिला सुमारे चौपट जोराने आवळावे लागते. हा सारा जोर पुढच्या चिमट्याच्या एकाच पायावर, तोही खालच्या टोकाशी येतो. म्हणून चकतीच्या ब्रेकसाठी तो चिमटा अधिक भक्कम करावा लागतो आणि सायकलीचे वजन थोडे वाढते.

एवढा खटाटोप कशासाठी, याचे उत्तर पाऊस देतो. रिम रस्त्याच्या जवळ फिरते. तिच्यावर पाणी व चिखल उडतो. ओल्या रिमवर रबर प्रथम घसरते, पाणी पुसले जाईपर्यंत चाक पुढे जातच राहते आणि तीव्र उतारावर तेवढा क्षण जिवावर बेतू शकतो. चिखलातील वाळू रिमला घाशीत राहते, त्यामुळे कालांतराने रिमच झिजते. लांब उतारावर सतत ब्रेक धरला तर रिम तापते आणि ट्यूब फुटण्याचाही संभव असतो. चकती चिखलापासून उंच असते. तिची उष्णता टायरपर्यंत पोहोचत नाही आणि एखादा आरा तुटून चाक वाकडे झाले तरी तिची पकड सुटत नाही.

तथापि रिमच्या ब्रेकचेही गुण लहान नाहीत. तो साधा व हलका असतो, त्याची झीज डोळ्यांना दिसते आणि रबर बदलणे कोणालाही जमते. चकती पातळ असल्यामुळे धक्क्याने वाकते, आणि तिच्यावर तेलाचे थेंब पडले तर ब्रेकची पकड मंदावते.

क्रॉस-चेकच्या मागील भागात तर एक मोठी युक्ती आहे. सडकेवरील सायकलीच्या मागच्या हबला १३० मिलीमीटर जागा लागे, तर डोंगरी सायकलीच्या हबला १३५. कारागिरांनी क्रॉस-चेकमध्ये ती जागा १३२.५ मिलीमीटर ठेवली. पोलाद लवचीक असल्याने ते किंचित दबते किंवा किंचित फाकते; त्यामुळे दोन्ही प्रकारची चाके बसतात. स्ट्रॅगलरची जागा १३५ मिलीमीटर आहे. तिचा ब्रेक रिमवर अवलंबून नसल्यामुळे तिच्यात लहान व्यासाचे, पण अधिक रुंद टायरचे चाकही घालता येते. क्रॉस-चेकमध्ये तसे केले तर ब्रेकचे रबर रिमपर्यंत पोहोचणार नाही.

कोरड्या मुलखात, दुकानांपासून दूर, आपली सायकल आपणच दुरुस्त करीत हिंडणाऱ्याला क्रॉस-चेक सोयीची. पावसात, चिखलात, ओझे लादून डोंगर उतरणाऱ्याला स्ट्रॅगलर सुरक्षित. एकीचा गुण दुसरीचा दोष ठरत नाही. आपली वाट कशी आहे, हे ज्याने नीट पाहिले, त्याला या दोहोंतील आपली सायकल निवडणे अवघड जात नाही.