दुसरा स्पर्श

व्हॉलीबॉलमध्ये चेंडू आपल्या बाजूला आला की तो तीन स्पर्शांत जाळीपलीकडे धाडावा लागतो. पहिला स्पर्श चेंडू वाचवतो आणि तिसरा गुण मिळवून देतो. या दोहोंमधला दुसरा स्पर्श सेटरचा असतो. चेंडू कसाही वेडावाकडा आला तरी तो सावरून सहकाऱ्याच्या हाताशी नेमका ठेवणे, हे तिचे काम. टाळ्या बहुधा स्मॅश मारणारीला मिळतात. घरातील वृद्ध वा आजारी माणसाची वर्षानुवर्षे शुश्रूषा करणाऱ्या वाचकांना हे स्थान ओळखीचे वाटेल. जपानच्या योशिए ताकेशिता यांची कारकीर्द म्हणूनच आपल्यापुढे ठेवत आहे.

किताक्युशू शहरात 1978 साली जन्मलेल्या ताकेशिता यांची उंची 159 सेंटिमीटर, म्हणजे जेमतेम पाच फूट अडीच इंच. महिलांच्या व्हॉलीबॉलची जाळी 2.24 मीटर उंचीवर असते आणि पलीकडे सहा फुटांहून उंच खेळाडू उभ्या असतात. सन 2000 मध्ये जपानचा महिला संघ सिडनी ऑलिंपिकसाठी पात्र ठरू शकला नाही. ज्या देशाने 1964 साली टोकियोत या खेळाचे पहिले ऑलिंपिक सुवर्णपदक जिंकले होते, त्याच्यावर अशी वेळ प्रथमच आली. पराभवाचे खापर बुटक्या सेटरवर फुटले. 2002 साली त्यांनी खेळ सोडला. मात्र काही महिन्यांतच दुसऱ्या क्लबकडून त्या मैदानात परतल्या.

पुढचा काळ संथ चढणीचा होता. 2004 चे अथेन्स आणि 2008 चे बीजिंग, दोन्ही ऑलिंपिकमध्ये जपान पाचवा आला. मधल्या काळात, 2006 च्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत संघ सहावा आला असतानाही सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मान ताकेशिता यांना मिळाला. 2010 साली जागतिक स्पर्धेत कांस्यपदक आले. 2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये चीनविरुद्धचा उपान्त्यपूर्व सामना पाच सेटपर्यंत रंगला आणि निर्णायक सेट जपानने 18-16 असा जिंकला. अखेरीस दक्षिण कोरियाला हरवून जपानने 28 वर्षांनी या खेळात ऑलिंपिक पदक मिळवले. ताकेशिता तेव्हा 34 वर्षांच्या होत्या. त्यांच्या डाव्या हाताची तर्जनी मोडलेली होती, हे जगाला स्पर्धा संपल्यावर कळले.

वाचकहो, इथे एक डॉक्टर म्हणून मला थोडे थांबावेसे वाटते. या प्रसंगाचे कौतुक अवश्य करावे, अनुकरण मात्र करू नये. ताकेशिता यांच्यामागे संघाची वैद्यकीय व्यवस्था होती, आणि ती झुंज काही आठवड्यांची होती. आपली शुश्रूषा अनेक वर्षे चालते आणि तिथे शेवटची शिट्टी कोणी वाजवत नाही. दुखरे बोट, भरलेली कंबर, वाढलेला रक्तदाब लपवून सेवा करणाऱ्या सुना, मुलगे आणि वृद्ध जोडीदार आम्हा डॉक्टरांना नित्य भेटतात. रुग्णाला दाखवायला येतात. स्वतःचे दुखणे विचारल्याशिवाय सांगत नाहीत.

बोटाच्या दुखापतीविषयी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. ‘बोट हलते आहे, म्हणजे मोडलेले नाही’ ही समजूत चुकीची आहे. मोडलेले बोटही हलू शकते. मार लागताच, सूज चढण्यापूर्वी, त्या हातातील अंगठी आणि बांगड्या उतरवाव्यात. बर्फ कापडात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटे लावावा. बोट ओढू नये, चोळू नये. बोट वाकडे दिसत असेल, बधिर वा निळसर झाले असेल, जखम असेल, तर त्वरित दवाखाना गाठावा. एरवीही सूज व वेदना दुसऱ्या दिवशी कायम असल्यास एक्स-रे काढून घ्यावा. बोटाचे टोक खाली झुकून स्वतःहून सरळ होत नसेल तर पट्टीचा आधार सहसा सहा ते आठ आठवडे अखंड ठेवावा लागतो. मध्येच काढून पाहिल्यास बरे होण्याचा काळ लांबतो. साध्या पडण्याने वृद्धाचे मनगट वा बोट मोडले असेल, तर हाडांच्या ठिसूळपणाची तपासणीही डॉक्टरांना विचारावी.

या कथेला आणखी एक सुंदर धागा आहे. ताकेशिता यांच्या किताक्युशू शहरातच फुग्याने खेळायचा व्हॉलीबॉल उदयास आला. दिव्यांग आणि धडधाकट माणसे तो एकाच संघात खेळतात. संघातील प्रत्येकाचा हात फुग्याला लागल्याशिवाय तो पलीकडे धाडता येत नाही, हा त्याचा नियम. दुबळ्या हाताला वगळून जिंकण्याची सोयच तिथे नाही.

हा खेळ आपल्या दिवाणखान्यातही सोपा करून खेळता येईल. हात असलेल्या, न डगमगणाऱ्या खुर्च्यांवर समोरासमोर बसावे, मधे साडी किंवा दोरी बांधावी आणि दहा मिनिटे फुगा टोलवावा. खांदा दुखत असेल तर हात खांद्याच्या वर नेऊ नये. छातीत दुखणे, धाप वा चक्कर जाणवताच थांबावे आणि डॉक्टरांना कळवावे. फुटलेल्या फुग्याचे तुकडे लहान मुले व स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तींपासून दूर ठेवावेत. ते घशात अडकू शकतात.

2013 साली ताकेशिता निवृत्त झाल्या आणि 2016 मध्ये हिमेजी शहरातील एका नव्या संघाच्या प्रशिक्षक झाल्या. दुसरा स्पर्श करणाऱ्या हातांनाही विसावा लागतो. आपल्या घरी तो भार आज कोणाच्या हातांवर आहे? त्या व्यक्तीला आठवड्यातील एक दुपार मोकळी द्यावी. आणि ती व्यक्ती आपण स्वतः असाल, तर रुग्णाच्या पुढील तपासणीच्या दिवशी स्वतःचाही रक्तदाब मोजून घ्यावा, आणि जे दुखते ते सांगावे.